विषयांतर झालं म्हणे

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचे. घरात सासूबाई, आमचे हे, मी, धाकट्या जाऊबाई आणि माझी लेक. लेक यंदा दहावीत आहे. दीर २०२१ च्या लाटेत गेले. सासरे जाऊन बावीस वर्षं झाली.

गणपतीत मंडळाची वक्तृत्व स्पर्धा होती, विषय ‘आजच्या तरुणाईचे विचार’. भाषण मी लिहून दिलं होतं, तिनं पाठही केलं होतं. स्टेजवर पहिलं वाक्य म्हणून थांबली आणि मनानंच बोलायला लागली. कोरियन गाणी ऐकली की आम्ही मराठी उरत नाही का, दहावीत पी.टी.चा तास गणिताला का जातो, शाळेतल्या सूचनापेटीची किल्ली कोणाकडे असते. इथवर लोक हसत होते. मग म्हणाली, “उद्या याच हॉलमध्ये हळदीकुंकू आहे. माझी काकू सकाळी खुर्च्या लावायला येईल, संध्याकाळी येणार नाही. का, ते मला कुणीतरी सांगा.” आणि भिंतीवरच्या अहिल्यादेवींच्या फोटोकडे बोट करून, “यांना तरी बोलावलं असतं का आपण?” घंटा वाजली तरी बोलतच होती.

नंबर आला नाही. परीक्षकांनी कागदावर ‘विषयांतर’ लिहिलं होतं. पण कुणीतरी व्हिडिओ काढला, तो ग्रुपवर फिरला आणि तिथून कुणी रील केलं, ‘मराठी मुलगी ने सबको धो डाला’. त्यात कॅमेरा तिसऱ्या रांगेतल्या जाऊबाईंवर नेलाय. त्या तेव्हापासून गप्प आहेत. सासूबाई नातीशी बोलत नाहीत. ह्यांचं म्हणणं, हे काही मतं असण्याचं वय नाही, मंडळाला माफीचं पत्र लिही, आणि ते कोरियन पोरांचे फोटो भिंतीवरून काढ. दुसऱ्या दिवशी मी हळदीकुंकवाला गेले, न जाऊन चाललं नसतं. तेव्हापासून लेक माझ्याशीही तुटक वागते. तिला माफी मागायला लावू का?

– एक आई, इंदूर

---

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना ‘विषयांतर’ या शब्दाशी येऊन मी मोठ्यानं हसले. तरुणाईचे विचार हा विषय, एका तरुण पोरीनं स्वतःचे विचार सांगितले आणि तिचा विषय सुटला! परीक्षकांना हसण्याचा अधिकार मात्र मला नाही, कारण तशा खुर्चीत मीही पुष्कळ वर्षं बसले आहे. समोर पाण्याची बाटली, हातात छापील तक्ता, तक्त्यात रकाने: उच्चार, पाठांतर, हावभाव, वेळ. विचारांना वेगळा रकाना मी क्वचितच पाहिला. ‘मोबाईल: शाप की वरदान’ या विषयावर मी इतकी भाषणं ऐकली आहेत की ती सगळी ‘अति तेथे माती’वर येऊन थांबतात हे मला झोपेतही सांगता येईल. एकदा नववीतल्या एका मुलाला मी पहिला नंबर दिला. ‘आम्ही भरकटत चाललो आहोत’ म्हणताना त्याचा गळा दाटून आला होता. बाहेर पोह्यांच्या रांगेत तो वडिलांना विचारत होता, “बाबा, ‘भरकटत’च्या आधी थांबायचं होतं, तिथे बरोबर थांबलो ना?”

हे इतकं सविस्तर सांगते आहे कारण तुमच्या घरात जे पेटलंय त्याची काडी इथली आहे. आपण मुलांना मत विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा आपलंच मत त्यांच्या कोवळ्या आवाजात ऐकायचं असतं. भाषण लिहून तुम्ही दिलं होतंत. रागावू नका, सगळ्याच आया देतात, मीही माझ्या मुलाला दिलंय. पण मग ते ‘तरुणाईचे विचार’ कोणाचे होते, सांगा? तिनं पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबली, असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, तिथे तिला तो प्रश्न पडला असावा.

‘मतं असण्याचं वय नाही’ याबद्दल तुमच्या मिस्टरांना एवढंच सांगा: मुलांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार १९८९ साली झाला आणि भारतानं १९९२ साली स्वीकारला, त्याच्या बाराव्या कलमात म्हटलंय की मुलाशी संबंधित गोष्टींत मुलाला मत मांडायचा अधिकार आहे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायचं. वजन किती द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं, हरकत नाही. काटाच उचलून माळ्यावर टाकू नये. शिवाय सायन्स घ्यायचं की कॉमर्स, हे पुढच्या वर्षी याच मुलीला विचाराल आणि ‘तू काही बोलतच नाहीस’ म्हणून तिच्यावरच चिडाल, तेव्हा हे वाक्य आठवेल.

शाळेबद्दल ती बोलली त्यावर शाई खर्च करत नाही. खरं आहे ते. दहावीच्या पालकसभेत पी.टी.च्या तासाचं तुम्हीच विचारा, मुलीला मध्ये घालू नका.

आता कोरियन पोरं. तुमच्या ह्यांना ती सगळ्याचं मूळ वाटतात, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. १९५२ साली केंद्रात नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं. आपलेच, मराठी. विद्वान माणूस, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. हिंदी सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते असं त्यांना मनापासून वाटे आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताला त्यांनी भरपूर जागा दिली, त्याचं श्रेय त्यांचंच. पण सिनेमाची गाणी ऐकणाऱ्यांनी काय केलं? काटा फिरवला आणि श्रीलंकेतला रेडिओ सिलोन लावला. सिनेमाच्या गाण्यांची, बुधवारी रात्री लागणारी बिनाका गीतमाला तिथे त्याच वर्षी सुरू झाली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारनंच सिनेमाची गाणी लावणारी विविध भारती काढली. आणि अभिरुची बिघडवणाऱ्या त्या गाण्यांत मोठा वाटा ज्या आवाजाचा होता, तो १९२९ साली आपल्या इंदुरातच जन्मलेला! आज लताबाईंचं नाव घेताना आपण कानाला हात लावतो.

तुमच्या सासूबाईंचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझ्याच आसपासच्या असाव्यात. विचारून बघा, बुधवारी रात्री त्या काय ऐकायच्या. आमच्या रामबागेतल्या घरी आजोबा रात्रीच्या बातम्या झाल्या की रेडिओवर भरतकामाचं कव्हर घालत. मी आणि आत्या ते कव्हर न काढता, खालून हात घालून बटण फिरवायचो. गीतमाला सादर करणाऱ्या अमीन सायानींचा आवाज आम्ही कापडातून ऐकलाय.

लेकीच्या भिंतीवर बीटीएस हा कोरियन गाण्यांचा गट असणार असं धरून चालते. ती सात पोरं कोण, असं तिला एकदा नीट विचारा, म्हणजे उत्तर ऐकायच्या तयारीनं. ती सांगेल की २०१३ मध्ये त्यांची सुरुवात झाली, सगळे मधल्या काळात त्यांच्या देशाच्या नियमाप्रमाणे सक्तीची सेवा करून आले, आणि त्यांच्यातला एकजण २०१८ साली संयुक्त राष्ट्रांत उभा राहून तरुणांना सांगत होता की तुमचं नाव सांगा, तुमचं म्हणणं सांगा. म्हणजे मिस्टरांचा आरोप अगदीच निराधार नाही, पोरीनं तिकडून काही उचललं असेल! पण ते उचलून ती बोलली मराठीत, मंडळाच्या गणपतीपुढे, स्वतःच्या काकूबद्दल. याला कोरियन होणं म्हणत असतील तर म्हणोत.

आता काकूंकडे येते. इथे मी तुमच्या लेकीच्या बाजूची पूर्ण नाही.

तिचा प्रश्न रास्त होता, आणि त्या फोटोखाली तर फारच रास्त. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात गेले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी अडवलं. त्या सुनेनं पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालवलं. आपलं विद्यापीठ त्यांच्या नावाचं, विमानतळ त्यांच्या नावाचा, जयंतीला हार आपण घालतो. पांढरं लुगडं, हातात शिवलिंग, हे चित्र आपल्या इतकं सवयीचं झालंय की त्या बाईच्या कपाळाकडे आपण कधी पाहिलंच नाही. पंधरा वर्षांच्या मुलीनं पाहिलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव करून विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. एका खेड्यानं सगळ्या गावासमोर जे ठरवलं, ते आपल्या शहरी, सुशिक्षित मंडळात नुसतं विचारलं तर विषयांतर होतं. तेव्हा मंडळाला माफीचं पत्र लिहायचं नाही. हे पहिलं उत्तर.

पण मत तिचं होतं, गोष्ट काकूची होती. काकू तिसऱ्या रांगेत बसली होती. तिला न विचारता तिचं वैधव्य माइकवरून शंभर माणसांसमोर मांडलं गेलं. हॉलमधल्या सगळ्या माना एकदम कुठे वळल्या असतील, ते कॅमेऱ्यानं दाखवलंच आहे. चार वर्षांमागे नवरा गेलेली बाई सकाळी खुर्च्या लावते ती का? उपयोगी पडण्याच्या निमित्तानं चार माणसांत वावरायला मिळतं म्हणूनही असेल. आता ती खुर्च्या लावायलाही जाणार नाही. हे लेकीला कळलं पाहिजे आणि ते ओरडून कळणार नाही. तिला काकूच्या खोलीत एकटीला पाठवा. ‘माफी माग’ असं म्हणून पाठवू नका. तिनं काकूला तिथे जे विचारायचं राहिलं तेच विचारावं: मी तुझ्याबद्दल बोलले, तुला कसं वाटलं? मग गप्प बसावं. जाऊबाई रागावतील, रडतील, कदाचित म्हणतील की बरं केलंस. किंवा काहीच बोलणार नाहीत आणि तिला चहा करायला सांगतील. जे होईल ते त्या दोघींचं. तुम्ही दाराशी उभ्या राहू नका.

ते रील मात्र आजच उतरवायला लावा. शरमेसाठी नाही, त्यात जाऊबाईंचा चेहरा आहे म्हणून. मंडळाच्या ग्रुपचे ॲडमिन कोण ते तुम्हाला ठाऊक असेल, त्यांना फोन करा, ज्यानं टाकलं त्याचा पत्ता लागतोच. ऐकलं नाही तर ॲपवरच तक्रार नोंदवायची सोय असते, घरातल्या तीन-चारजणांनी ती वापरा. ‘धो डाला’ लिहिणाऱ्याला तुमच्या लेकीचा प्रश्न समजलेलाच नाही. तिनं कुणाला धुतलं नव्हतं, ‘का’ असं विचारलं होतं. खाली लोक काय काय लिहितात ते तिनं वाचलं असेलच. वाहवा आणि शिव्या, दोन्ही. त्यांना उत्तर देऊ नकोस एवढं सांगा, खातं खाजगी करून घ्या. फोन काढून घेऊ नका. फोन गेला तर शिक्षा कशाची झाली ते तिला बरोबर कळेल, आणि पुढच्या वर्षी ती तुम्ही लिहिलेलं भाषण बिनचूक म्हणून दाखवेल. नंबरही येईल.

सासूबाईंचं तुम्ही एका ओळीत संपवलंत, पण माझं मन तिथेच अडकलंय. सासरे जाऊन बावीस वर्षं झाली, असं तुम्ही पत्राच्या सुरुवातीला घरातली माणसं मोजताना सहज लिहून गेलात. म्हणजे बावीस वर्षं त्याही संध्याकाळी घरीच असतात. नातीनं ‘काकू’ म्हटलं, ‘आजी’ म्हटलंच नाही. आजी घरी बसते याचं कुणाला काही वाटत नाही, नातीलासुद्धा नाही! आणि दुसरं असं की नातीचं म्हणणं खरं मानायचं तर या बाईनं बावीस संक्रांती, बावीस चैत्र जे मनाविरुद्ध पाळलं ते उगाच पाळलं असं मानावं लागतं. या वयात हे मानणं सोपं नाही. त्यातून जो गेला तो त्यांचा मुलगा. सून कपाळाला काय लावते यावरून चाललेल्या या वादात त्यांना मुलगाच पुन्हा पुन्हा आठवत असणार. त्यांचा अबोला मी नातीवरचा राग म्हणून वाचत नाही. समजावायला जाऊ नका. हेरवाडबिरवाड तर मुळीच काढू नका. दुपारी जेवणं झाल्यावर शेजारी बसा आणि सासरे गेले त्या वर्षीच्या पहिल्या हळदीकुंकवाला काय झालं होतं, ते विचारा. कोणी बोलावलं, कोणी नाही, त्या दिवशी संध्याकाळी त्या कुठे बसल्या होत्या. मला वाटतं, हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.

आता तुमच्याबद्दल, कारण तुम्ही स्वतःबद्दल फार कमी लिहिलंय. पत्रात सासूबाईंची नाराजी आहे, ह्यांची तीन मतं आहेत, परीक्षकांचा शेरा आहे, लोक काय लिहितात तेही आहे. तुमचं मत मी शोधत राहिले. दोनदा वाचलं. एकच वाक्य सापडलं: न जाऊन चाललं नसतं. लेक तुमच्याशी तुटक वागते त्याचं कारण मला भाषणात दिसत नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी दिसतं. तिनं स्टेजवरून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या एकाच माणसानं दिलं, तेही न बोलता. साडी नेसून, वाण घेऊन.

मी तुम्हाला दोष देत नाही. मी असते तर गेले असते. आमच्या शेजारच्या काकू एकट्या पडल्यावर मी त्यांच्या दारावरून ताट घेऊन कितीतरी वेळा गेले आहे आणि प्रत्येक वेळी पायांचा आवाज होणार नाही असं चालले आहे. पाय वाजू दिले नाहीत म्हणजे आत कुठेतरी कळत होतं. तुम्हालाही कळत असणार, नाहीतर ‘न जाऊन चाललं नसतं’ हे मला लिहायची गरज काय होती? तेव्हा लेकीला खरं सांगा. मला पटलं होतं आणि तरी मी गेले, घाबरून गेले. किंवा तुम्हाला पटलं नसेल तर तसं सांगा, का पटलं नाही तेही सांगा. ती वाद घालेल. घालू द्या. तिच्या मराठीतलं हिंदी त्या वेळी दुरुस्त करत बसू नका, ही माझी कळकळीची विनंती. मधेच ‘ती म्हटली नाही, ती म्हणाली’ असं करून मी माझ्या मुलाशी झालेली निदान दहा भांडणं अर्धवट सोडली आहेत.

येत्या संक्रांतीला घरी हळदीकुंकू करणार असाल तर कोणाला बोलवायचं ही यादी जाऊबाईंबरोबर बसून करा. ‘तुम्हालाही कुंकू लावणार बरं का’ अशी घोषणा आधी करू नका, त्यांना लावून घ्यायचं नसेल हेही शक्य आहे. काहीजणींना तिळगूळ आणि गप्पा हव्या असतात, कुंकू नको असतं. विचारलं की कळतं. सासूबाईंनाही विचारा, त्या ‘नाही’ म्हणाल्या तर एकदा विचारून सोडून द्या. मंडळातल्या बायकांचं पुढच्या गणपतीत पाहू, वर्ष आहे मध्ये.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

राहता राहिली भिंत. फोटो असू द्या. फक्त चिकटपट्टीनं भिंतीचा रंग निघतो, तेव्हा ते टाचण्यांनी लावायला सांगा. आणि त्या सातांची नावं पाठ करून ठेवा. मी माझ्या नातीसाठी केली होती, पाचव्या नावाशी अडखळते अजून.

तुमची,
ताई